गरम झालं की सांगा

माझ्या व्यवसायात रुग्णाला देण्याची सूचना एकच आहे आणि ती चार शब्दांत संपते: गरम झालं की सांगा. सुईसाठी अशा सूचनेची गरज पडत नाही. सुई टोचली की माणूस आपणहून काहीतरी बोलतोच, निदान आईचे नाव तरी घेतो. जळती कांडी त्वचेजवळ धरून बसलेल्या उपचारकाला मात्र त्वचेखाली काय चालले आहे हे दिसत नाही. तेथे रुग्णाची जीभ हाच तापमापक. ब्रह्मपुरीत दवाखाना सुरू केल्यावर लवकरच माझ्या लक्षात आले की आमच्या भागात हा तापमापक भरवशाचा नाही. माणसे सांगतच नाहीत. असे का होते, या कुतूहलाचा पाठपुरावा करताना एका पेटीमास्तरांच्या बोटांपर्यंत मी पोहोचले. लिहायचे आहे ते मुख्यतः त्यांच्याविषयी. परंतु आधी ही कांडी काय असते ते सांगायला हवे.

मी शिक्षणाने फिजिओथेरपिस्ट. अ‍ॅक्युपंक्चर त्यानंतर शिकले. रीतसर परीक्षा दिली, नोंदणी केली. बाहेरच्या माणसाला वाटते की अ‍ॅक्युपंक्चर म्हणजे सुया आणि सुया म्हणजे अ‍ॅक्युपंक्चर. प्रत्यक्षात चिनी वैद्यकात सुईच्या सोबतीला बरेच भाऊबंद आहेत. काचेच्या पेल्यात क्षणभर ज्योत फिरवून तो पाठीवर उपडा घालायचा, म्हणजे आतली हवा निवताना त्वचा वर ओढली जाते, हे कपिंग. गुळगुळीत पट्टीने मानेवरून, खांद्यावरून तेल लावून खरवडायचे, ती गुआशा. कानाच्या पाळीवरील ठरावीक जागी मोहरीएवढे बी चिकटवून ठेवायचे आणि रुग्णाने ते अधूनमधून दाबायचे. शिवाय मॉक्सा. दवण्याच्या कुळातील एका वनस्पतीची सुकी पाने कुटून कापसासारखी करतात आणि कागदात घट्ट वळून त्यांची कांडी बनवतात. ती पेटवली की ज्योत न होता निखारा होतो. तो निखारा त्वचेपासून दोन बोटे दूर धरून दुखऱ्या भागाला ऊब द्यायची, त्वचा गुलाबी झाली की थांबायचे. काढे आणि चूर्णे मी देत नाही. तो माझा अभ्यास नाही.

या सर्वांवर माझा कितपत विश्वास आहे, असे मला विचारले जाते. माझे उत्तर असे की शरीरातून वाहणारी ऊर्जा मी पाहिलेली नाही, मात्र शेक घेतल्यावर आखडलेला खांदा वर जाताना पाहिलेला आहे. पुरावा जिथे कमी आहे तिथे आवही कमी आणावा, एवढे पथ्य मी पाळते. या उपचारांची पद्धतशीर तुलना करून एक चांगला शोधनिबंध लिहावा, ही माझी महत्त्वाकांक्षा होती, आजही आहे.

महत्त्वाकांक्षेला पहिला सुरुंग लावला तो रोवण्याच्या बायकांनी. धानाची रोवणी करणाऱ्या बायका दिवसभर बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, चिखलात वाकलेल्या असतात. पावसाळा सरता सरता त्यांच्या कमरा माझ्याकडे येतात. त्यांतल्या एका वयस्क बाईंच्या पाठीवर मी पेले लावले. तुंबडी लावण्याची रीत त्यांना लहानपणापासून ठाऊक होती, त्यामुळे काच पाहून त्या बिचकल्या नाहीत. पेले काढल्यावर त्यांनी सुनेला पाठ दाखवली आणि विचारले, "कसे उमटले?"

"लाल हायेत, आत्याबाई."

"लालच? काळे नाई?" बाई माझ्याकडे वळल्या. "मंग तुमी केलं काय?"

गोल डाग म्हणजे त्वचेखाली पाझरलेले थोडेसे रक्त, ते किती गडद उमटतात यावरून गुण मोजता येत नाही, असे मी समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. पुढच्या आठवड्यात त्या आणखी चार जणींना घेऊन आल्या, आणि उपचारानंतर पाचही जणी एकमेकींची पाठ पाहत होत्या. जिचे डाग सर्वांत काळे तिला सर्वांत बरे वाटले. माझ्या शोधनिबंधात ही नोंद कोणत्या रकान्यात घालावी हे मला सुचले नाही.

शेजारच्या कापडदुकानदारांनी तर एकदा दारात येऊन आवाज खाली आणत विचारले होते, "ताई, तुमी सुशिक्षित पोरगी. मंग दवाखान्यातून गांजाचा वास काऊन येऊन राह्यला?" मॉक्साचा धूर हुंगायला तसाच असतो. मी त्यांना आत बोलावले, कांडी दाखवली, त्यांच्या गुडघ्यालाही शेक दिला. आता धूर बाहेर गेला की तेच गिऱ्हाइकांना सांगतात, "चिनी दवा आहे, नाक भरून घ्या."

परंतु न सांगण्याचे कोडे सुटले ते एटापल्लीकडच्या एका शिबिरात. तेथे एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या गुडघ्याजवळ मी कांडी धरली होती. त्यांनी ती निरखली आणि माझ्या सोबतच्या शिक्षकांशी गोंडीतून काहीतरी बोलले. शिक्षक हसले. "ते म्हणतात, ही जवळ काऊन नाई आणत? घाबरते का?"

"जवळ आणली तर कातडी भाजेल," मी म्हणाले.

म्हाताऱ्याने सदरा वर करून पोट दाखवले. बेंबीच्या भोवती जुन्या डागांची रांग होती. लहानपणी पोट फुगले म्हणून तापलेल्या लोखंडाने दिलेले डाग. ते जे बोलले त्याचे शिक्षकांनी भाषांतर केले: "डाग नाई पडला तर दुखण्याले कसं कळनार, की आपल्याले निघाचं आहे?"

मी विचारले, डाग देताना लेकरू रडत असेल ना?

"रडलं तर दवा फुकट गेली म्हनतात. तोंड दाबून धरतात," शिक्षकांनीच सांगितले.

हा डाग देण्याचा प्रकार घातक आहे. त्यातून लहान मुलांना जंतुसंसर्ग होतो, जीवही जातो. मी ते त्याच शिबिरात स्पष्टपणे सांगितले आणि अजूनही सांगते. त्याच वेळी माझ्या कोड्याचे उत्तर हाती आले होते. एटापल्लीच्या जंगलात काय आणि नागभीडच्या धानपट्ट्यात काय, ज्या पिढीला डाग मिळाले होते ती पिढी विस्तव जवळ आला की ओठ आवळून घेते. उपचार लागू पडावा म्हणून ती गप्प राहते.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. कांडी धरताना डाव्या हाताची दोन बोटे रुग्णाच्या त्वचेवर, शेकाच्या जागेच्या दोन बाजूंना ठेवायची. जी धग त्याला लागते तीच मला. रुग्णाने नाही सांगितले तरी माझी बोटे सांगतील.

मुखरूभाऊ आमच्याकडे आले ते पोळा नुकताच होऊन गेला होता तेव्हा. ते झाडीपट्टीच्या नाटकांत पायपेटी वाजवत. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात, आणि प्रत्येक ठिकाणी नाटक लागते. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. मंडळ्यांचे नट बदलतात, नटी बदलतात, नाटके तर दरवर्षी नवी. पेटीमास्तर मात्र टिकून राहतात. पन्नाशी ओलांडलेले, सडपातळ, पांढरा सदरा, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने रंगलेले दात. त्यांच्या मागोमाग पत्नी सायत्राबाई आल्या आणि खुर्चीवर बसण्याआधीच त्यांनी निदान सांगून टाकले.

"यांचा खांदा धरला आहे. पन खांदा पेटीनं नाई धरला. घरी बसून माझ्याशी भांडून धरला."

"बाई," मुखरूभाऊ म्हणाले, "भांडनात हात कोन चालवते, ते ताईले सांगू का?"

तक्रार उजव्या खांद्याची होती. शिवाय करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत. द्रुत तान घेताना करंगळी पट्टीवरून घसरे. अन्यत्र एक्स-रे काढला होता, त्यात मानेचे मणके झिजलेले दिसत होते, आणि या वयात ते बहुतेकांचे दिसतात. मानेतून नस दबली असावी, हा तर्क वाजवी होता. मीही तो धरून चालले. खांद्याच्या पात्यांवर पेले लावले, सुया लावल्या, मानेचे व्यायाम दिले. खांदा चांगला सैल झाला. हात डोक्यावर नेऊन मुखरूभाऊंनी पत्नीला नमस्कार करून दाखवला. त्यांच्या शिफारशीवरून मंडळीतले दोन नट आणि एक नृत्यदिग्दर्शक माझ्याकडे येऊ लागले. माझ्या शोधनिबंधात मुखरूभाऊंना पहिले पान मिळणार हे मी मनोमन ठरवूनही टाकले.

करंगळी मात्र जागची हलेना.

चिनी वैद्यकाच्या नकाशात करंगळीच्या बाहेरच्या कडेपासून निघून, कोपराच्या आतल्या खाचेतून, दंडाच्या मागून खांद्याच्या पात्यावर जाणारी एक वाहिनी दाखवलेली आहे. तिला ते लहान आतड्याची वाहिनी म्हणतात. तिचा आतड्याशी काय संबंध, ते मला अद्याप कळलेले नाही. परंतु कोपराची ती खाच सर्वांच्या ओळखीची आहे: तिथे ठेच लागली की झिणझिण्या थेट करंगळीपर्यंत जातात, कारण तिथून एक मोठी नस त्वचेलगत जाते. हा योगायोग मला फार दिवस खुणावत होता. ज्यांनी तो नकाशा काढला त्यांनी बहुधा झिणझिण्यांचा मागच काढला असेल! म्हणून मी ठरवले की या खेपेस त्या खाचेच्या आसपास मॉक्साचा शेक देऊन पाहू.

मुखरूभाऊ पलंगावर आडवे झाले, हात डोक्याकडे वळवून कोपर माझ्यासमोर आणले. सायत्राबाई दाराबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. दार उघडेच होते. मी नेहमीप्रमाणे दोन बोटे टेकवली, कांडी धरली आणि म्हणाले, "मुखरूभाऊ, गरम झालं की सांगा."

"हव."

ते त्या वर्षीच्या नाटकाविषयी सांगत होते. नव्या लेखकाने खलनायकाला गाणे दिले आहे, खलनायकाला सूर नाही, म्हणून पेटीने त्याला खांद्यावर उचलून न्यायचे. मी ऐकत होते. ऊब बोटांना जाणवली, मग चटका जाणवला, मग बोटे खरोखरच भाजू लागली. मी कांडी मागे घेतली.

"गरम झालं नाही का?"

"तुमी पेटवली का नाई अजून?" त्यांनी विचारले.

मला प्रथम वाटले, हीदेखील तीच जुनी शिस्त: ओठ आवळणारी. परंतु ओठ आवळणारा माणूस श्वास धरतो, पायाची बोटे वळवतो. मुखरूभाऊ खलनायकाच्या गाण्यावर हसत होते. मी दिवा जवळ ओढला. खाचेच्या थोडे खाली, हाताच्या आतल्या बाजूला, एक फिकट चट्टा होता. रुपयाहून मोठा, सपाट, कोरडा. आजूबाजूला लव होती, त्यावर नव्हती. दमट दुपार होती, त्यांच्या कपाळावर घाम होता, तिथे नव्हता.

"हे काय आहे?"

"तो? लहानपनचा डाग. बिमार होतो तवा बुढ्यानं डागलं होतं. आमच्याकडे सर्वायलेच डाग असते, ताई."

बाहेरून सायत्राबाईंचा आवाज आला. "काऊन खोटं बोलता? तुमचा डाग पोटावर आहे."

"हातावर बी दिला असन."

"नाई दिला. माह्यं लग्न झालं तवापासून तुमचा हात पाहून राह्यलो मी. हा दोन-तीन वर्साचा आहे. मी बोललो होतो ना, कायचं होय म्हनून? तर तुमीच म्हनलं, डाग होय."

जिथे जवळजवळ प्रत्येक प्रौढाच्या अंगावर जुना डाग असतो, तिथे नव्या चट्ट्याला लपण्यासाठी याहून चांगली जागा कोणती? त्वचेने मुद्दाम योजले असते तरी असे वेषांतर साधले नसते. डागाची खूण उंचसखल असते, तिच्या कडा आक्रसलेल्या असतात. हा चट्टा गुळगुळीत होता.

मी कांडी वाळूच्या भांड्यात खुपसून विझवली. कापसाचा धागा काढला आणि मुखरूभाऊंना डोळे मिटायला सांगितले: धागा लागला की "हव" म्हणा. डाव्या हातावर प्रत्येक वेळी "हव" आले. उजव्या हातावरच्या चट्ट्यावर काहीच नाही. करंगळीवरही नाही. मग कोपराच्या खाचेत बोट फिरवले. निरोगी नस सुतळीसारखी लागते. ही जाड दोरीसारखी होती आणि दाबताच मुखरूभाऊ कळवळले.

आमच्या भागात या रोगाचे नाव शाळकरी पोरालाही ठाऊक असते, म्हणूनच ते उच्चारणे कठीण असते. मी सायत्राबाईंना आत बोलावले, दार लावले आणि आडवळण न घेता बोलले. "मला कुष्ठरोगाची शंका आहे. खात्री सरकारी दवाखान्यात होईल. औषध तिथे मिळतं, त्याने रोग पूर्ण बरा होतो, आणि औषध सुरू झालं की थोड्याच काळात तो दुसऱ्याला लागण्याची भीती राहत नाही."

मुखरूभाऊंनी सदऱ्याची बाही खाली ओढून चट्टा झाकला. मग विचारले, "सुयांनं नाई होनार?"

"नाही."

"तो पेला?"

"नाही. माझ्याकडे याचा इलाज नाही. या हाताला यापुढे मी शेकही देणार नाही. तुम्हाला कळणार नाही आणि भाजेल."

"मंग सीझन होऊ द्या," ते म्हणाले. "शिमगा झाला की जातो. आता गेलो तर चार लोक पाह्यतीन. मंडळीत आमी एका ताटात जेवतो, ताई. एका पेटीवर बसतो. कोनी मले काही म्हननार नाई. फक्त जेवाले वेगळं बसतीन."

त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. माझ्याकडे होते ते केवळ शरीरशास्त्र. नस सुजलेली आहे तोवर सूज उतरवणारे औषध तिला वाचवू शकते. नस एकदा मेली की रोग बरा होऊनही बोट परत येत नाही. शिमग्यापर्यंत थांबणे म्हणजे रोगाशी नव्हे तर करंगळीशी सौदा करणे होते. हे मी सांगितले, आणि मला दिसत होते की ते ऐकत नाहीत. माणसे विधाने ऐकत नाहीत. मुखरूभाऊ आयुष्यभर काय ऐकत आले होते, याचा मी विचार केला.

"भाऊ, या टेबलावर हात ठेवा. डावा. पेटीवर ठेवता तसा. आणि एकेक बोट वाजवा. अंगठ्यापासून."

लाकडावर पाच ठोके पडले. सारखे, नेटके.

"आता उजवा."

एक. दोन. तीन. चौथा पडला तो दबका, कापडावर पडल्यासारखा. पाचवा पडलाच नाही. करंगळी हलली, खाली आली, टेकलीही. आवाज आला नाही. मुखरूभाऊंनी पुन्हा वाजवले. पुन्हा चार. ते हाताकडे पाहत नव्हते; मान तिरकी करून, पेटी लावताना ऐकतात तसे ऐकत होते. तिसऱ्यांदा वाजवले आणि हात उचलून मांडीवर ठेवला.

"हा सूर कवापासून गायब आहे," ते हलक्या आवाजात म्हणाले, "आन मी त्या खलनायकाले बेसुरा म्हनून राह्यलो."

सायत्राबाई उठून उभ्या राहिल्या. "उद्या पयल्या काळी-पिवळी जीपनं जातो आपन. कोनी इचारलं तर सांगा, बायकोले दाखवाले नेतो. माह्यं नाव सांगा. माह्या आंगाले काय होते?"

निदान पक्के झाले. गोळ्यांचे पान मिळू लागले, नसेच्या सुजेसाठी वेगळे औषध सुरू झाले. माझ्याकडे राहिला तो फिजिओथेरपीचा भाग, म्हणजे माझे मूळ शिक्षण: करंगळी आखडू नये म्हणून व्यायाम, रात्री बांधण्यासाठी हलकी खपची, भाजण्या-कापण्यापासून बोट जपण्याचे धडे. सायत्राबाईंचीही तपासणी झाली. त्यांना काही नव्हते. मुखरूभाऊ त्याच बाकावर बसत राहिले, त्याच पलंगावर आडवे होत राहिले. तो पलंग मी बदलणार नाही, हे मी कोणालाच सांगितले नाही, कारण सांगण्याजोगे काही नव्हते. गोळ्यांनी त्यांचा रंग काळवंडला. रंगभूषा करणारा म्हणाला, "मास्तर, यंदा तुमालेच राक्षस करू, रंगाचा खर्च वाचन." मुखरूभाऊंनी तोच विनोद मला येऊन ऐकवला आणि मी किती हसते ते तपासून पाहिले.

तालमी सुरू झाल्या तेव्हा एका दुपारी मी वडशाला, मंडळीच्या मुक्कामी गेले. मला पाहायचे होते की चार बोटांवर ते कसे निभावतात. पेटीपासून थोड्या अंतरावर बसले आणि प्रथम काहीच वेगळे दिसले नाही. खलनायक गात होता, खरोखरच बेसुरा होता, आणि पेटी त्याला उचलून नेत होती. मग माझ्या ध्यानात आले की गाणे डाव्या हातातून येते आहे. पायपेटीचा भाता पायाने चालतो, म्हणून दोन्ही हात मोकळे असतात. सुरावट उजव्याने वाजवायची आणि डाव्याने आधाराचे सूर धरायचे, अशी त्यांची आयुष्यभराची रीत. त्यांनी कामेच अदलाबदल केली होती. उजवा हात आता तीन बोटांनी आधाराचे सूर दाबून बसला होता. द्रुत तान आली तेव्हा डावा हात अडखळला, मुखरूभाऊ थांबले, खलनायकाकडे रागाने पाहिले. बिचाऱ्याने क्षमा मागून गाणे पुन्हा सुरू केले.

मंडळीला कळले का? कधीतरी कळलेच. एक जण काही काळ वेगळा जेवला. बाकीच्यांचे मुखरूभाऊ मला सांगत नाहीत आणि मी विचारत नाही.

हंगाम संपल्यावर ते आले. दोन काचनळ्यांत, एकीत कोमट आणि एकीत गार पाणी घेऊन, त्यांना डोळे मिटायला लावून मी तपासणी केली. चट्ट्यावर अजूनही शून्य. तो तसाच राहण्याची शक्यता मोठी. करंगळीच्या कडेला मात्र त्यांनी कोमट नळीला "कोमट" म्हटले, गार नळीला "गार". एकदा चुकले, बाकी बरोबर. टेबलावर पाचवा ठोका पडला: अशक्त, किंचित उशिराचा. मुखरूभाऊ म्हणाले, "बेसूर नाई, पन ताल सोडून आहे." तो पूर्वीसारखा होईल असे मी त्यांना कधीच म्हटलेले नाही.

त्यांना माझ्या शोधनिबंधात आता जागा नाही. त्यांच्या खांद्याला आराम पडला तो पेल्याने, सुईने, व्यायामाने की केवळ विश्रांतीने, हे मी सांगू शकत नाही; आणि ज्याच्या दुखण्याचे कारणच आम्ही चुकीचे धरले होते, तो रुग्ण कोणत्याही तुलनेत बसत नाही. याची मला थोडी हळहळ आहे. मॉक्साने त्यांना बरे केले असे तर मुळीच म्हणता येणार नाही. निखाऱ्याने एक प्रश्न विचारला आणि त्याला उत्तर आले नाही, एवढेच घडले. आता मात्र कोणत्याही रुग्णाला पहिला शेक देण्यापूर्वी मी कापसाचा धागा फिरवते, आणि "हा लहानपणचा डाग आहे" असे कोणी म्हणाले की घरच्या माणसालाही विचारते.

गेल्या महिन्यात मुखरूभाऊ पुन्हा आले. या वेळी तक्रार डाव्या खांद्याची. सगळे गाणे त्या हातावर आल्याने तो भरून आला होता. डावा हात मी आधी धाग्याने नीट तपासला. प्रत्येक "हव" वेळेवर आला. मग खांद्यावर दोन बोटे टेकवून कांडी धरली. "गरम झालं की सांगा."

ते छताकडे पाहत पडून होते. ऊब आली. चटका आला. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिले, चेहरा स्वस्थ. माझी बोटे भाजू लागली. धाग्याने फसवले असेल का? दुसरी नस? मी कांडी मागे खेचली.

"मुखरूभाऊ! गरम नाही झालं?"

"झालं ना," ते म्हणाले. "कवाचंच झालं."

"मग सांगितलं काऊन नाई?"

मुखरूभाऊंनी मान वळवली, त्यांचे रंगलेले दात दिसले. "तुमची बोटं किती दम धरतात, ते पाहून राह्यलो होतो."

दाराबाहेरच्या बाकावरून सायत्राबाई कडाडल्या. "वरडत जा ना बापा! तिथं त्या पोरीचा जीव जाते!"